सोळा वर्षांची लेक आणि काळजीने पोखरलेल्या नायिका

गवतीचहा (१४ जून, रात्री १०.४०)

लेक सोळाची. दहावी झाली, अकरावीच्या ऑनलाइन याद्यांची वाट बघत घरी बसली आहे. बसली आहे म्हणजे लोळते आहे, आणि लोळत वाचते आहे. पोरगी मोबाइल बाजूला ठेवून पुस्तक वाचते म्हणून मी महिनाभर सोसायटीत मिरवून घेतलं. मग एक दिवस ती पुस्तकं आहेत तरी कसली, ते बघितलं.

एप्रिलपासून नऊ झालीत. सगळी इंग्रजी, सगळी त्या 'यंग अडल्ट' फळीवरची, आणि जवळजवळ प्रत्येकात एक मुलगी नाहीतर मुलगा आहे ज्याला कसली ना कसली काळजी पोखरते आहे. कुणाचा वर्गात उभं राहिलं की श्वास अडकतो, कुणाला जेवणाची भीती, कुणाच्या डोक्यात एकच विचार घाण्याच्या बैलासारखा फिरतोय. गुन्हेगारी कथा वाचल्या असत्या तर मला एवढं वाटलं नसतं.

भीती काय आहे ते सांगते. दुखण्याबद्दल वाचून दुखणं अंगाला चिकटतं का? कॉलेजात असताना मैत्रिणीच्या बहिणीची मेडिकलची पुस्तकं आम्ही चाळायचो, आणि पानागणिक एकेक आजार आम्हाला होऊन जायचा. ही तर ऐन वयातली पोर.

तिला सरळ विचारलं, "तुला असं काही होतं का गं?" माझ्याकडे दोन मिनिटं बघितलं. मग "आई, पुस्तकं आहेत ती" म्हणून कूस बदलली.

परवा निघायला उशीर झाला (दोन जिने उतरून गॅस बघायला परत वर गेले, रोजचंच), डोंबिवलीची सव्वाआठची गेली, आणि पिशवीत डब्याखाली तिचं पुस्तक निघालं. जॉन ग्रीनचं 'टर्टल्स ऑल द वे डाऊन'. हे तिने उन्हाळ्यात तीनदा वाचलंय. खालचा कोपरा ओल्या हाताने फुगलाय आणि वरून पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांची झालर. प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या दहाएक पानं वाचली. त्यातली मुलगी स्वतःच्या बोटात नख रुतवते, मग जखमेत जंतू गेले असतील म्हणून पट्टी बदलते, पुन्हा रुतवते, पुन्हा बदलते. मला पुढे वाचवेना.

काय करावं? काढून घ्यावीत, वाचू द्यावीत, की दुसरं काही हातात द्यावं? वाचणाऱ्या मुलांचे आईबाप इथे बरेच आहेत, म्हणून विचारते.

पेटीमास्तर (१४ जून, रात्री ११.१५)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नाव दिलं की दुखणं फोफावतं. आमच्या वेळी 'टेन्शन' हा एकच शब्द होता आणि तो रिझल्टच्या आदल्या दिवशी बाहेर काढायचा. मे महिन्यात पुतणीला म्हटलं, पाहुणे आलेत, जरा पाणी आणून दे. आतून उत्तर आलं, "काका, मला सोशल अँक्झायटी आहे." तीच रात्री हळदीला डीजेसमोर दोन तास नाचली.

पुस्तकं जप्त करा असं म्हणत नाही, पण जोडीला काही उभारी देणारंही द्या. आमच्या फुरसुंगीच्या फाफेची कधी घाबरगुंडी उडालेली वाचली नाही.

रानमेवा (१५ जून, सकाळी ७.०५)

वाचतेय हेच खूप आहे हो. आमचे चिरंजीव शाम्पूच्या बाटलीवरची अक्षरंही वाचत नाहीत. बाकी चर्चा वाचतेय.

उलटी_छत्री (१५ जून, दुपारी १.३०)

काकू, मी सतरा, बारावीत. (आयडी माझाच आहे, आईचा नाही. ॲडमिनकाका, प्लीज.)

तुम्हाला वाटतं आम्ही दुःख वाचतो. तसं नाहीये. ही पुस्तकं भयंकर विनोदी असतात, हे बाहेरून कळत नाही कारण मागच्या कव्हरवर फक्त आजाराचं नाव असतं. 'टर्टल्स'च्या मागे एका गायब झालेल्या अब्जाधीशाचा शोध आहे, आझाची मैत्रीण डेझी 'स्टार वॉर्स'वर स्वतःच्या कथा लिहिते आणि तोंडाला येईल ते बोलते. मी बसमध्ये एकटीच हसत होते.

मला त्यात सगळ्यात काय आवडलं माहितीये? डेझी वैतागते. आझा सारखी स्वतःच्या डोक्यात असते, हिचं कधी नीट ऐकतच नाही, आणि एक दिवस डेझी अशी उखडते की बास. काळजी करणाऱ्या माणसासोबत राहणाऱ्याला काय होतं, हे कुणी सांगतच नाही. सगळे म्हणतात समजून घे. हो, घेते, पण माझाही एक दिवस वाईट जाऊ शकतो ना?

म्हणजे सगळेच ते पुस्तक आझा होऊन वाचत नाहीत. मी डेझी होऊन वाचते. घरचं कारण आहे, इथे लिहीत नाही.

आणि शेवटी आझा एकदम बरी वगैरे होत नाही. हे मला फार खरं वाटलं. आमच्याकडे कुणी रडलं की दहा मिनिटांत "झालं ना आता? चल, जेवायला" असतं. पुस्तकात घाई नसते.

चिकटचिठ्ठ्यांचं म्हणाल तर ती फॅशन आहे. टिकटॉक इकडे २०२० पासून बंद, पण इन्स्टावर पुस्तकवाल्या पोरी असतात, त्यांचं बघून सगळे लावतात. मात्र पिवळ्या एकाच रंगाच्या असतील तर ती फॅशन नाही. फॅशनला पाच रंग लागतात.

पेटीमास्तर (१५ जून, दुपारी २.१०)

छत्रीबाई, शेवट आधीच फोडलात, माझे चारशे रुपये वाचवलेत. आभारी आहे.

थेम्सकाठची (१५ जून, रात्री ११.५०)

मी लंडनमध्ये आमच्या भागातल्या सरकारी वाचनालयात अर्धवेळ काम करते, म्हणून दोन शब्द.

इंग्लंडमध्ये २०१३ पासून 'रीडिंग वेल' नावाची योजना आहे. ताण, चिंता, नैराश्य अशा त्रासांसाठी तज्ज्ञांनी निवडलेली पुस्तकं वाचनालयात ठेवायची. डॉक्टर सुचवू शकतात, नाहीतर आपणच जाऊन उचलायची. २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी वेगळी यादी आली आणि तिच्यात माहितीच्या पुस्तकांच्या बरोबरीने कथा-कादंबऱ्या होत्या. गोष्ट वाचणं हाही एक आधार आहे असं इथल्या यंत्रणेने मान्य केलं, हे मला त्यात मोठं वाटतं.

आता कामावरचं. ही पुस्तकं काउंटरवर फारशी येत नाहीत. मुलं ती यंत्रावर स्वतःच नोंदवतात, म्हणजे आम्हाला कव्हर दाखवावं लागत नाही. कितीतरी जण घरी नेतच नाहीत, मागच्या खिडकीपाशी जमिनीवर बसून वाचतात आणि दुसऱ्याच फळीवर, प्रवासवर्णनांत वगैरे, लपवून ठेवून जातात, उद्या पुन्हा सापडावं म्हणून. मी ती मुद्दाम तिथेच राहू देते. गवतीचहा, तुमची लेक पुस्तक उघड्यावर ठेवते, तुमच्या पिशवीत जाईल अशा जागी ठेवते. माझ्या डोक्यात तरी हे पहिल्यांदा आलं.

पण पेटीमास्तरांशी एका बाबतीत सहमत: सगळी पुस्तकं सारखी नसतात. 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही कादंबरी २००७ ची. तिच्यावर २०१७ मध्ये मालिका आली, मुलीने जीव देण्याचा प्रसंग त्यात सविस्तर दाखवला होता, डॉक्टरांनी आणि पालकांनी टीकेची झोड उठवली आणि अखेर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने तो प्रसंग काढून टाकला. तिथे मरण हा इतरांना धडा शिकवायचा मार्ग वाटू शकतो, ही माझी तक्रार. उलट राइना टेल्गेमायरचं 'गट्स' (२०१९) बघा. चित्रकथा आहे, तिची स्वतःची. लहान मुलगी, पोटात सारखं ढवळतं, उलटीची प्रचंड भीती, मग तिला थेरपीला नेतात, आणि थेरपीच्या खोलीत नेमकं काय होतं ते दिसतं. कंटाळवाणं, हळूहळू, जमिनीवर पाय टेकवून श्वास घे वगैरे. मी पुस्तक चाळताना हेच शोधते, की मदत मागणारं माणूस त्यात आहे का, आणि मदत मागितल्यावर काय होतं.

जुनाट_वाचक (१६ जून, सकाळी ९.२०)

धागा चांगला चाललाय. मला एक वेगळीच टोचणी आहे. ही पोरं इंग्रजीतच का वाचतात? कारण मराठीत या वयाची पायरीच बांधलेली नाही. फास्टर फेणे संपला की पोराने थेट 'कोसला'त उडी मारायची. मधे काय?

'शाळा' आहे, हो. २००४ ची, नववीतला मुकुंद, बाहेर आणीबाणी. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, मला जीव की प्राण. त्याच्या डोक्यात चाललेलं ते 'मॅड'सारखं काहीतरी, ते संतांनी जसं पकडलंय तसं अजून कुणाला जमलेलं नाही. पण ही मोठ्यांनी मोठ्यांसाठी आठवलेली मुलं आहेत. आपण ती वाचून आपलं बालपण आठवत उसासे टाकतो. आज अकरावीच्या यादीत नाव कुठे लागेल या धास्तीने झोप उडालेल्या पोरीला त्यात स्वतःचं आज काय सापडणार?

शब्दांची मात्र टंचाई नाही. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, घशाला कोरड पडते, हातापायाला कापरं भरतं, काळजाचं पाणी होतं, जीव टांगणीला लागतो, जीव खालीवर होतो, घालमेल, धाकधूक, हुरहूर. गंमत बघा, बहुतेक सगळे शरीराचे शब्द आहेत. आपल्या आज्या 'अँक्झायटी' म्हणत नव्हत्या, "जीव थाऱ्यावर नाही" म्हणत होत्या. ओसीडीला, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराला, तर मराठीत केव्हापासून रोखठोक शब्द आहे, मंत्रचळ. पण तो आपण फक्त चेष्टेला वापरतो. दहादा हात धुणारी काकू दिसली की "मंत्रचळ लागलाय" म्हणून हसायचं आणि विषय संपला. सोवळ्याच्या आडोशाला किती जणी अशा जन्मभर झाकल्या गेल्या असतील, देव जाणे.

एक सुचवतो. किशोर वगैरे नाही, पण तुमच्या मुलीला झेपेल: जेरी पिंटोंची 'एम अँड द बिग हूम', २०१२ ची. माहीममधलं छोटंसं घर, गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब, आईला मनाचा गंभीर आजार, आणि सांगतोय मुलगा. शांता गोखल्यांनी तिचा मराठी अनुवाद केलाय, 'एम आणि हूमराव'. हसवते आणि मग गळा दाबते.

अवांतर: कासवांवरून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'कासव' आठवला. २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालेला. खचलेला एक तरुण आणि त्याला एकही प्रश्न न विचारता घरी ठेवून घेणारी बाई. आईबापांनी तो बघाच, प्रश्न न विचारणं म्हणजे काय ते कळायला.

शाळेतली_ताई (१६ जून, रात्री ८.४५)

एका शाळेत समुपदेशक आहे. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, तेव्हा सामान्यच बोलते.

कादंबरी वाचून चिंताविकार जडतो असं माझ्या कामात मी पाहिलेलं नाही. होतं काय, की जे आधीपासून होतं त्याला शब्द मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला कुठला तरी मानसिक आजार असतो. साठच्या वर्गात आठ-नऊ. माझ्या दारावर त्यांतला एखादाच थाप मारतो, बाकीचे "पोट दुखतंय" म्हणून सिकरूममध्ये झोपलेले असतात. त्यामुळे जो शब्द घेऊन येतो त्याचं माझं काम सोपं झालेलं असतं.

पुस्तकापेक्षा पोरीकडे बघा. झोप लागते का, जेवण जातं का, मैत्रिणी भेटतात का, आधी सहज करत होती असं काही टाळायला लागली आहे का. आणि पुन्हा पुन्हा वाचण्याबद्दल: आवडतं म्हणून वाचणं वेगळं, आणि "मी अशीच नाही ना, खात्री करते" म्हणून तेच पान परत परत बघणं वेगळं. दुसऱ्यात सुटका नसते, प्रत्येक वेळी खात्री पातळच होत जाते.

आणि "तुला असं होतं का" हा पोलिसी प्रश्न आहे. त्याला उत्तर "नाही" हेच येतं. आधी पुस्तक पूर्ण वाचा, मग पुस्तकातल्या माणसांबद्दल बोला. छत्रीने उत्तम धागा दिलाय, डेझीचं चुकलं का ते विचारा.

कुणाला गरज असेल तर टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

गवतीचहा (२९ जून, रात्री ११.२०)

धागा वर काढतेय. उशीर झाला, पण घडलंच तसं.

पुस्तक वाचलं. गाडीत, चार दिवसांत. शब्द अडले तिथे पुढे गेले. विचारांचं ते भोवऱ्यासारखं आत आत घट्ट होत जाणं वाचताना मला एकदाही "हे काय विचित्र" असं वाटलं नाही, आणि तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी दोघी फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो. ताईंनी सांगितलं तसं विचारलं, "त्या डेझीचं चुकलं का गं?" तिने आठळीचं पांढरं साल नखाने काढता काढता सांगितलं, "चुकलं. पण तिला कुणी विचारलं होतं का, तुला काय होतं म्हणून?"

मग मी म्हटलं, तुझ्या चिठ्ठ्या बघू का. "बघ की, केव्हाची वाट बघतेय," म्हणाली. हात पुसून पुस्तक आणलं. प्रत्येक पिवळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने एखादाच शब्द. गॅस. कुलूप. गॅस. 'पोचलीस का' फोन. गीझर. गॅस. एकावर लिहिलंय, 'सहल रद्द, ७ वी'. माझ्या छातीत धस्स झालं. मी म्हटलं, "बाळा, तुला गॅसची एवढी भीती वाटते?"

"आई," ती म्हणाली, "मी कधी गॅस बघायला परत वर गेलेय?"

इथे वर पहिल्या पोस्टीत मीच कंसात लिहून गेलेय. परत वाचलं तेव्हा दिसलं. मी रेग्युलेटर बंद करते, मग चारी बटणांना हात लावते, मोठ्याने मोजते, दार ओढून घेते, दोन जिने उतरते आणि वर जाते. फोनमध्ये शेगडीचे फोटो आहेत, गाडीत बसल्यावर बघता यावेत म्हणून. लेकीने ते मोजले होते. दोनशे अकरा. त्यांत तिच्या दहावीच्या निरोप समारंभाचे सहा फोटो कुठेतरी मधे आहेत. सासूबाई मला गेली अठरा वर्षं "आमची मंत्रचळी" म्हणतात, प्रेमाने, आणि मीही हसते. सातवीची सहल मी रद्द करायला लावली होती, घाटातला रस्ता म्हणून. तो घाट नव्हता, मी नकाशात बघितलंय आता.

रात्री मी आडवी झाल्यावर तिला हाक मारते, "बघून ये गं, बंद आहे ना?" आणि तिचा "हो" येतो. त्या दिवशी तिने सांगितलं, चार वर्षं झाली, ती बघायला जातच नाही. पडल्या पडल्या "हो" म्हणते.

नऊ पुस्तकं तिने माझ्यासाठी वाचली म्हणा, किंवा माझ्यासोबत राहता यावं म्हणून. मी विचारलं, सरळ बोलली का नाहीस. "तीनदा बोलले, तू म्हणालीस काळजी करणं म्हणजे प्रेम." म्हणाले असेन.

जुनाट_वाचक (२९ जून, रात्री ११.४५)

मंत्रचळवाली ओळ लिहिताना मलाही ती चेष्टाच सुचली होती. माफ करा.

उलटी_छत्री (३० जून, सकाळी ६.५०)

काकू, तुमच्या लेकीला माझा इन्स्टा द्या. आम्हा डेझींची एक संघटना पाहिजे.

शाळेतली_ताई (३० जून, दुपारी १२.३०)

गवतीचहा, लिहिलंत हे बरं केलंत. आता एक व्यवहाराचं. तो रात्रीचा "हो" आहे ना, तो तुम्हाला पाच मिनिटं शांत करतो आणि उद्याचा प्रश्न पक्का करतो. घरचे लोक प्रेमापोटी या चक्रात ओढले जातात. म्हणून उद्यापासून लेकीने एकदम गप्प बसायचं असं मात्र दोघींनी मिळून ठरवू नका. यावर उपचार आहेत, ठरावीक पद्धतीचे: थोड्या थोड्या पायऱ्यांनी, न तपासता त्या अस्वस्थतेत थांबायला शिकवतात, आणि गरज पडली तर औषधंही देतात. हे माहीत असलेल्या माणसाकडे जा. जाताना तो चिठ्ठ्यांचा कोपरा फुगलेला ग्रंथ सोबत न्या, पहिला अर्धा तास वाचेल.

पेटीमास्तर (३० जून, दुपारी ३.००)

वरची पहिली प्रतिक्रिया बदलावी म्हणत होतो, पण संपादनाची मुदत संपली आहे. तशीच राहू दे.

गवतीचहा (४ जुलै, सकाळी ८.२५)

शनिवारची वेळ मिळाली आहे. लेक दारापर्यंत सोडायला येणार, आत नाही, असं तिनेच ठरवलंय. पुस्तक देणार आहे म्हणाली, फक्त 'सहल'वाली चिठ्ठी काढून. मी म्हटलं राहू दे.

अकरावीची पहिली यादी लागली, दुसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं. ती ओरडली, मग लोळायला गेली. 'एम' आणली आहे, तिच्यासाठी इंग्रजी, माझ्यासाठी मराठी. ती माझ्या पन्नास पानं पुढे आहे आणि जेवताना काहीबाही सांगून टाकते.

आज परत वर गेले होते, खोटं कशाला सांगू. सव्वाआठची गेली. प्लॅटफॉर्मवर उभी आहे, पुढची येईपर्यंत आठ-दहा पानं होतील.